रोटेशन पाण्याचं आणि रोटेशन पिकाचं

आमच्या कालव्याखालच्या भागात 'रोटेशन' हा शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्यालाही माहीत असतो. रोटेशन कधी सुटणार, किती दिवसांचं, टेलला पोचणार का, यावर चहाच्या टपरीपासून आमदारांच्या बंगल्यापर्यंत चर्चा चालते. इथं रोटेशन म्हणजे पाण्याचं. सरकारी कागदात त्याला आवर्तन म्हणतात. पिकाच्या रोटेशनला मात्र आपल्याकडे जुना आणि चांगला शब्द आहे, बेवड. भुईमुगाचा बेवड गव्हाला मानवतो, असं जुनी माणसं सहज बोलून जायची. आता हा शब्द ऐकू येतो तो बहुतेक आकाशवाणीवर, नाहीतर कृषी सहायकाच्या तोंडी.

जुने अहवाल वाचता वाचता माझं एक मत होत गेलं आहे, ते इथं मांडतो. ही दोन रोटेशनं पूर्वी वेगळी नव्हतीच. पाणी वाटायचं म्हणजे पिकं वाटायची, आणि पिकांचा फेर ठरला की पाण्याचा फेर आपोआप ठरायचा. त्यांची ताटातूट गेल्या सव्वाशे वर्षांत झाली. इतके दिवस ती खपून गेली. आता ऊन वाढतंय, तशी तिची किंमत वाढत चालली आहे. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात खानदेशातून करू. धुळे जिल्ह्यातली पांझरा, नाशिक जिल्ह्याच्या बागलाण भागातल्या मोसम आणि आरम या नद्यांवर फड पद्धत तीन-चारशे वर्षं चालली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन किंवा चार मोठे तुकडे. त्या प्रत्येक तुकड्याला फड म्हणायचं. आता यातली गंमत बघा. एका फडात एका वर्षी एकच पीक. तुम्हाला वाटलं म्हणून तुमच्या वावरात वेगळं पीक घेता येत नाही. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात हंगामी बागायत, तिसऱ्यात भुसार, आणि पुढच्या वर्षी सगळं एक घर पुढे सरकणार. बहुतेकांची जमीन थोडी थोडी प्रत्येक फडात असायची, त्यामुळे ऊसवाला वेगळा आणि ज्वारीवाला वेगळा अशी फूट पडायची नाही. ज्याचा ऊस त्याचीच ज्वारी.

पाणी देण्याचं कामही शेतकऱ्याच्या हातात नव्हतं. पाट सांभाळायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, शेतात पाणी फिरवायला बारेकरी, राखणीला जागल्या. या लोकांना मोबदला धान्यात मिळायचा, म्हणजे सगळ्यांची पिकं आली तर त्यांचं पोट भरणार. शेवटच्या वावराला पाणी न पोचवून बारेकऱ्याला काय मिळणार? आजच्या कालव्यावर रात्री दारं कोण उघडतं आणि कोण बंद करतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी या व्यवस्थेचा जरा विचार करावा.

आणि नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी? गावानं बसून ठरवायचं, यंदा इतकेच फड भिजतील. एखादा फड कोरडा राहील किंवा उसाचा फड यंदा धरायचा नाही. म्हणजे दुष्काळाचा निर्णय पेरणीच्या आधी व्हायचा. पीक उभं राहिल्यावर, ते वाळायला लागल्यावर, मोर्चे काढून नव्हे.

फड पद्धतीला सुवर्णयुग वगैरे म्हणायची मला हौस नाही. जातीची उतरंड होती, बाया कुठल्याच बैठकीत नव्हत्या, भूमिहीनाला पाण्यात वाटा नव्हता. पण एक गोष्ट तिच्यात गणितासारखी पक्की होती. चैत्र-वैशाखात गावच्या जमिनीचा तिसरा किंवा चौथा हिस्साच हिरवा असायचा. भर उन्हाळ्यात पाणी पिणारं क्षेत्र किती, याला व्यवस्थेनंच कुंपण घातलेलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इंग्रजांचे कालवे. १८७६ ते ७८ च्या भयंकर दुष्काळानंतर दख्खनमध्ये कालव्यांना जोर आला तो दुष्काळनिवारण म्हणून. नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात गेला, त्याला पाणी पुरवायला भाटघरचं धरण झालं. कल्पना सोपी होती. पाऊस फसला तर ज्वारी-बाजरीला पाणी मिळेल, माणसं मरणार नाहीत.

पण झालं भलतंच. पाऊस बरा असेल त्या वर्षी शेतकरी पाणी घेईनातच. आणि का घ्यावं? भारी काळ्या रानातली ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, तिला पैसे देऊन पाणी पाजायचं कशाला? दुष्काळ पडला की मात्र सगळे एकदम दारात. म्हणजे कालवा चार वर्षं रिकामा आणि पाचव्या वर्षी अपुरा. सरकारला पाणीपट्टी मिळेना, आणि इंग्रज सरकारला पाणीपट्टी फार प्रिय. दरवर्षी, न चुकता, बाराही महिने पाणी घेणारं पीक एकच होतं, ते म्हणजे ऊस. दुष्काळासाठी काढलेल्या कालव्यावर ऊस आला तो असा, हिशेबाच्या वहीतून. आपण म्हणतो ऊस साखरसम्राटांनी आणला. सम्राट फार नंतरचे.

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात होते, पुण्यात. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे ते आपल्याला माहीत आहेत. पण दख्खनच्या शेतीवर त्यांच्या दुसऱ्या कामाचा परिणाम मोठा आहे, ते म्हणजे ब्लॉक पद्धत. पाणी कालव्याजवळच्या चार बागाईतदारांनी ओढून घेऊ नये, जास्त गावांत फिरावं, आणि अति पाण्यानं जमीन बिघडू नये म्हणून त्यांनी जमिनीचे ठरावीक गट पाडायचं सुचवलं. पाण्याची हमी काही वर्षांची, पण अट अशी की गटाच्या साधारण तिसऱ्या हिश्शातच ऊस, बाकी जागेत कमी पाण्याची पिकं, आणि ऊस दरवर्षी जागा बदलणार.

वाचताना ओळखीचं वाटलं ना? ही फडाचीच चौकट आहे. विश्वेश्वरय्यांनी ती पांझरेवरून उचलली की स्वतः शोधली, या वादात मी पडत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की एका निष्णात इंजिनिअरलाही पाणीवाटपाचं उत्तर दाराच्या मापात सापडलं नाही, पिकांच्या फेरात सापडलं.

फरक एवढाच पडला की फडाची राखण गाव करत होतं आणि ब्लॉकची राखण खातं. खात्याला ऊस हवाच होता, महसुलासाठी. त्यामुळे तिसऱ्या हिश्शाची अट कागदावर आणि उसाचा पसारा रानावर. १९१० साली, म्हणजे कालवा सुरू होऊन पुरती तीस वर्षंही झाली नव्हती, तेव्हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांना ताम्हणे यांच्यासह नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अहवाल लिहावा लागला. चांगलं काळं रान पांढरं पडत होतं. पुढे खासगी साखर कारखाने आले, १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, आणि मग उसाच्या मागे नुसता महसूल नाही, तर बँक, सोसायटी, कारखाना, शिक्षणसंस्था आणि मतदारसंघ असं सगळं उभं राहिलं. ते पुराण तुम्हाला पाठ आहे. दरम्यान विहिरीवर मोटार बसली. मोटारीनं शेवटची गाठ सोडली, कारण माझ्या विहिरीचं पाणी, माझं पीक, गावानं सांगायचा संबंध काय? पांझरेवरचे फडही त्याच काळात विसकटत गेले. वरच्या अंगाला धरणं झाली, नदीचा प्रवाह बदलला, आणि घरोघरी विहीर झाल्यावर बारेकऱ्याची गरज कुणाला?

आता उन्हाकडे येतो.

हवामान बदलावर बोलताना आपण बहुतेक पावसावरच बोलतो, किती पडला, कधी पडला. उष्णतेचा पाण्याशी संबंध कमी बोलला जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या पुढाकारानं २०२० साली देशाचा जो हवामान अहवाल निघाला, त्यात १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढल्याचं म्हटलं आहे. आकडा लहान वाटतो. पण हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणजे तिची तहान वाढते. पिकाच्या पानांतून, मातीतून आणि धरणाच्या पृष्ठभागावरून ती जास्त ओढायला बघते. पिकाची गरज नेमकी सात टक्क्यांनीच वाढते असं नाही, वारा, ढग, आर्द्रता यांचाही हात असतो. दिशा मात्र तीच. जायकवाडी किंवा उजनीसारख्या पसरट जलाशयांवरून वर्षाला दीड-दोन मीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं, आणि त्यातला मोठा भाग मार्च ते मे मध्ये.

इथं पिकांचा फेर पुन्हा येतो, कारण ऊन सगळ्या पिकांना सारखं लागत नाही.

हंगामी पिकाला उष्णता वाढली की ते घाई करतं. गहू लवकर पक्व होतो, हरभरा लवकर घाटे धरतो. दिवस कमी झाले की एकूण पाणीही फार वाढत नाही, कधी कमीच लागतं. फुकट नाही मिळत हे, दाणा बारीक राहतो. २०२२ चा मार्च आठवा, देशातल्या नोंदींत सगळ्यात तापलेला मार्च, गव्हाचा उतारा घटला आणि मे महिन्यात केंद्रानं निर्यातच बंद केली. तरीही हंगामी पिकाला एक सोय आहे. ते मार्चपर्यंत रानातून निघून जाऊ शकतं. एप्रिल-मेच्या उन्हात रान मोकळं, नांगरलेलं, तापत पडलेलं. त्याला एक थेंबही द्यावा लागत नाही.

ऊस कुठं जाणार? आडसाली जुलै-ऑगस्टात लावला की दीड वर्षांनी तुटतो, मध्ये एक अख्खा उन्हाळा. मग खोडवा, आणखी एक उन्हाळा. निडवा ठेवला तर तिसरा. प्रत्येक उन्हाळ्यात तो हिरवागार उभा, आणि तापलेल्या हवेची वाढीव तहान भागवायची जबाबदारी त्याच्यावर, म्हणजे कालव्यावर, म्हणजे धरणावर. म्हणून मी म्हणतो, तापमान वाढल्यानं शेतीला पाणी जास्त लागतं हे वाक्य अर्धवट आहे. किती जास्त लागेल हे उन्हाळ्यात रानात काय उभं आहे यावर ठरतं. फड पद्धतीचं ते कुंपण, तिसरा-चौथा हिस्साच हिरवा, आठवतं ना? तेच आपण काढून टाकलं, आणि नेमकं उन्हाळे कडक होत असताना.

आकड्यात सांगायचं तर पाटपाण्यावरच्या उसाला लागणीच्या प्रकारानुसार अडीच ते साडेतीन मीटर उंचीचं पाणी धरतात. हरभऱ्याला पंचवीस-तीस सेंटीमीटर. पावसाचा वाटा वजा करा, ठिबकचा फायदा धरा, तरी एक हेक्टर उसाच्या पाण्यात कितीतरी हेक्टर हरभरा निघतो. राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा अगदी थोडा आणि सिंचनाच्या पाण्यात निम्म्याहून पुष्कळ जास्त, हे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंही वेळोवेळी नोंदवलेलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं. त्याच हंगामात मराठवाड्यातल्या कारखान्यांनी गाळप केलेलं होतं.

पण आता दुसरी बाजू. शहरात बसून 'ऊस लावू नका' म्हणणारे खूप आहेत, आणि मला त्यांचा राग येतो. शेतकरी काही वेडा नाही. उसाला एफआरपी आहे, तोडणीनंतर चौदा दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे, पाळला नाही तर निदान कोर्टात जाता येतं. हरभऱ्याला, तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत व्यापाऱ्यानं माल उचललेला असतो, पाचशे-हजार कमी देऊन. आणि बदलत्या हवामानाचा यात एक वेगळाच खेळ आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट विसरलात? उभा गहू, ज्वारी, हरभरा, द्राक्षं, डाळिंबं, सगळं झोपलं. ऊस झोपला तरी तुटतो. पानं फाटली तरी कांडं राहतं. म्हणजे हवामान जितकं लहरी होतं तितका शेतकरी सगळ्यात टणक पिकाकडे सरकतो, आणि ते टणक पीक नेमकं सगळ्यात जास्त पाणी पिणारं निघतं. गरम होणारं हवामान उसाची तहानही वाढवतं आणि उसाची ओढही वाढवतं. हा पेच 'जनजागृती'नं सुटणारा नाही.

रब्बी ज्वारीचं उदाहरण बघा. सोलापूरची मालदांडी हे पाण्याच्या काटकसरीचं नमुनेदार पीक. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरायचं, जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर काढायचं, कालव्याचं पाणी मिळालं तर बरं, नाही तर नाही. पण आता पाऊस परतायला उशीर करतो. हवामान खात्यानं २०२० साली मान्सून परतण्याच्या सर्वसाधारण तारखाच बऱ्याच ठिकाणी पुढे सरकवल्या. वाफसा येईना म्हणून पेरणी लांबते, पेरणी लांबली की दाणा भरायची वेळ फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात जाते. तेव्हा तिलाही एखादं पाणी लागतंच. ते पाणी त्या वेळी असतं का? कालवा वाहत असतो, पण पाळी उसाची.

यावर सरकारी उत्तर ठिबक. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात बारमाही पिकांना ठिबक-तुषारची तरतूद आहे, २०१७ साली मंत्रिमंडळानं उसाला ठिबक टप्प्याटप्प्यानं सक्तीचं करायचा निर्णय घेतला. ठिबक चांगलंच, माझ्या पाहण्यात उतारा वाढलाय. पण वाचलेल्या पाण्याचं काय होतं हे कुणीही आपल्या गावात जाऊन बघावं. दोन एकराचा ऊस साडेतीन एकर होतो. ठिबक पाणी द्यायची रीत बदलतं, उन्हाळ्यात किती हिरवं ठेवायचं हा प्रश्न ते विचारतच नाही.

तो प्रश्न विचारणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला १९७४ पासून जे पाणी पंचायतीचं काम उभं केलं, त्यात पाणी जमिनीला नाही तर माणसाला दिलं. माणशी अर्धा एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. हे शेवटचं कलम आज सगळ्यात कठोर वाटतं, पण बाकीची सगळी कलमं त्याच्यावरच उभी होती. ऊस आला असता तर माणशी अर्धा एकर शक्यच नव्हतं. सांगली जिल्ह्यात येरळेकाठी बळवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं तेव्हा त्यांनीही ठरवलं, या पाण्यावर ऊस नाही. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तर पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर रब्बीची पिकं ठरवतं. म्हणजे फड कोरडा ठेवायचा तो जुना निर्णय, नव्या वहीत. ही गावं आदर्श म्हणून बघायला बसगाड्या भरून माणसं जातात, परत येऊन कालव्याला आडवी पाईप टाकतात.

मोठ्या कालव्यांवर हे जमेल का? गाव लहान, माणसं ओळखीची, तिथं जमतं. चार तालुक्यांच्या कालव्यावर कोण कुणाचं ऐकणार, हा आक्षेप खरा आहे. पण तिथंही सरकारनं हात टेकले होते असं नाही. बारमाही पाण्याऐवजी फक्त खरीप आणि रब्बीला, म्हणजे आठमाही पाणी द्यायचं, हे धोरण राज्यानं १९८० च्या दशकात स्वीकारलं होतं. उन्हाळ्यात कालव्याचं पाणी नाही, ज्याला ऊस लावायचा त्यानं आपल्या विहिरीवर लावावा. आज वाढत्या उन्हाच्या संदर्भात ते धोरण पुन्हा वाचलं तर वाटतं, त्या लोकांनी नकळत हवामान बदलाचीच तरतूद केली होती. अंमल किती झाला? उन्हाळी आवर्तनाची मागणी दर मार्चला कोण करतं, आणि ती मंजूर कोण करतं, एवढं बघितलं की कळतं.

१५ ऑक्टोबरला धरणातला साठा मोजतात. त्यावर कालवा सल्लागार समितीची बैठक होते, रब्बीची आणि उन्हाळ्याची आवर्तनं ठरतात. किती टीएमसी, किती दिवस, वरच्यांना आधी की खालच्यांना, यावर दोन-दोन तास खडाजंगी. या वर्षी उन्हाळ्यात किती क्षेत्र हिरवं राहील, हा आकडा मी ज्या बैठकांना मागच्या बाकावर बसलो त्यांपैकी एकीतही कुणी विचारला नाही. तो काढणं काही अवघड नाही. पाणी हवं असेल तर नमुना नंबर सातचा अर्ज भरायचा असतो, आणि त्यात पिकाचं नाव लिहायचा रकाना आजही आहे. आमच्या चारीवर बरेच जण तो अर्जच भरत नाहीत. रोटेशन सुटलं की दारं उघडतात.